'वेन' कुठे चालतं, कुठे चालत नाही

दहावीच्या मुलांच्या वह्या उघडल्या की 'वेन' (wane) या इंग्रजी क्रियापदासमोर एकच अर्थ दिसतो: कमकुवत होणे. गाईडात तसं छापलेलं असतं, मुलं तसंच उतरवून घेतात आणि मग माझ्यापुढे वाक्यं येतात ती अशी: 'माय ग्रँडमदर इज वेन्ड.' 'द वॉल वेन्ड इन द रेन.' 'विदाउट शुगर द टी इज वेन.' आजी थकली, भिंत खचली इथपर्यंत मला कळतं. चहाचं काय झालं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

मी बेळगावातल्या वडगावात क्लास घेते. खाली यंत्रमाग चालतात, वर माडीवर आमचं इंग्रजी. त्यामुळे मोठ्याने शिकवायची सवय आहे, आणि हे मी सगळ्यात मोठ्याने सांगते: तो अर्थ खोडा. त्या जागी लिहा, 'भरात असलेली गोष्ट हळूहळू, आपली आपण उतरत जाणे'. वहीच्या एका ओळीत मावत नाही, मावू नये. क्रियापदाचा अर्थ एका शब्दात बसवायचा हट्ट धरला की असले चहा तयार होतात.

सुरुवात चंद्रापासून करायची, कारण इंग्रजीत या क्रियापदाचं आणि चंद्राचं फार जुनं लग्न लागलेलं आहे. ज्यांच्या घरी संकष्टीचा उपास असतो त्यांना वेगळी आकृती काढून दाखवावी लागत नाही. पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळता मावळता उगवतो, पुरता वाटोळा. पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर करत करत तो चतुर्थीला रात्री नऊच्या आसपास येतो. तोवर वरच्या कडेने जरासा चेपलेला असतो, पण अजून चांगला मोठा. हा 'वेनिंग गिबस'. गिबस म्हणजे अर्ध्याहून जास्त, फुगीर. मूळ लॅटिन शब्द कुबडाचा. कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्री उगवतो आणि नेमका अर्धा दिसतो. गोकुळाष्टमीला पाळणा हलवून झाला की पूर्वेकडे बघा, ढग नसतील तर दिसेल. आमच्याकडे श्रावणात ढग नसतील, अशी आशा कुणी करत नाही, ते सोडा. अष्टमीनंतर उरते ती कोर, 'वेनिंग क्रेसेंट'. नरकचतुर्दशीला चंद्रोदयाच्या वेळी अभ्यंगस्नान करावं असं पंचांगात असतं. त्या थंडीत, उटणं लावून कुडकुडताना उगवते ती कोर म्हणजे वेनिंगची अगदी शेवटची पायरी.

म्हणजे संकष्टीला आई गच्चीवर ज्याची वाट बघते तो वेनिंग मून आणि विनायकी चतुर्थीचा तो वॅक्सिंग मून. हे एकदा डोक्यात बसलं की मुलं विसरत नाहीत. 'वॅक्स' म्हटल्यावर मात्र सगळे मेणबत्तीकडे धावतात. हा वॅक्स वेगळा, 'वाढणे' या अर्थाचं जुनं क्रियापद. आजच्या इंग्रजीत तो एकटा फारसा फिरत नाही, बहुतेक वेळा वेनच्या सोबतीनेच येतो: 'वॅक्स अँड वेन'. कुठला आधी, कुठला नंतर, यात गोंधळ होत असेल तर आपला महिना आठवा. महाराष्ट्रात काय आणि कर्नाटकात काय, पंचांगातला महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे आधी शुक्लपक्ष, मग कृष्णपक्ष. आधी वॅक्स, मग वेन. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, तिथे ही खूण उपयोगी पडायची नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंचं निदान या एका बाबतीत एकमत आहे, हे मी वर्गात मुद्दाम सांगते.

आता चंद्रावरून क्रियापदाचा स्वभाव काढायचा. चंद्र उतरायला लागतो तो पुरता भरल्यावर. म्हणून वेनचा कर्ता कधीतरी भरात असलेला हवा. जे मुळातच क्षीण होतं, ते वेन होत नाही. ज्या मुलाला गणितात कधीच गोडी नव्हती त्याची गोडी 'वेन' कशी होईल? दुसरं, चंद्राला कुणी कापत नाही. (ग्रहताऱ्यांच्या गतीचं शास्त्र आहे, मान्य, पण बघणाऱ्याला तो आपणच उतरताना दिसतो.) म्हणून आजच्या इंग्रजीत वेनला कर्म लागत नाही. 'द रेन वेन्ड द वॉल' हे वाक्य होऊच शकत नाही. पावसाने भिंत कमकुवत केली, तर 'द रेन वीकन्ड द वॉल'. भ्रष्टाचाराने लोकांचा विश्वास पोखरला, तर 'करप्शन इरोडेड पब्लिक ट्रस्ट'. तापाने माझी ताकद शोषून घेतली, तर 'द फीव्हर सॅप्ड माय स्ट्रेंथ'. कुणीतरी कशाचंतरी काहीतरी केलं असेल तिथे वेनला बोलावू नका. आणि कर्म नाही म्हणजे कर्मणी प्रयोगही नाही, म्हणून 'इज वेन्ड', 'वॉज वेन्ड बाय' हे सगळं बाद. आजीचं वाक्य तिथेच पडतं. शिवाय माणूस स्वतः वेन होत नाही, माणसाची एखादी गोष्ट होते. 'माय ग्रँडमदर्स स्ट्रेंथ इज वेनिंग' हे वाक्य ठीक आहे आणि ऐकायला बरंही आहे.

तिसरी गोष्ट मुलांना पटायला वेळ लागतो. कोर कितीही बारीक असली तरी ती असते. 'वेन्ड' म्हटलं म्हणजे संपलं असं नाही. संपलं असेल तर 'एंडेड', 'व्हॅनिश्ड', 'डाइड आउट' असे रोखठोक शब्द आहेत, ते वापरा. 'इंटरेस्ट वेन्ड' याचा अर्थ गोडी ओसरली. थोडी शिल्लक आहे, कदाचित परतही येईल.

माझ्या वर्गातली बरीच मुलं घरी कन्नड बोलतात. त्यांच्या वहीत 'कडिमी आगतैती' लिहिलेलं असतं, म्हणजे कमी होतं. मराठीवाल्यांचं 'कमकुवत' आणि कन्नडवाल्यांचं 'कडिमी', दोघंही सारख्याच खड्ड्यात पडतात, कारण कमी तर साखरेचा भावही होतो. मराठीत याला सगळ्यात जवळचं काय, असं विचाराल तर मी 'ओसरणे' म्हणेन, आणि 'ऑन द वेन' या वाक्प्रचाराला तर आपल्याकडे तयार जोडीदार आहे: उतरती कळा. 'कळा' म्हणजे इथे चंद्राची कलाच. 'द वीव्हिंग ट्रेड इज ऑन द वेन', विणकामाच्या धंद्याला उतरती कळा लागली आहे. इतकं तंतोतंत जुळणारं फार थोड्या ठिकाणी मिळतं.

'ओसरणे' मात्र जपून. आपलं ओसरणं फार मोठ्या पोटाचं आहे. मलप्रभेचा पूर ओसरतो, गर्दी ओसरते, ताप ओसरतो, सूज ओसरते, उत्साह ओसरतो. इंग्रजीने ही कामं वेगवेगळ्या माणसांना वाटून दिली आहेत. पुराचं पाणी 'रिसीड' होतं. गर्दी 'थिन' होते. ताप, वादळ, दुखणं 'अबेट' होतं. सूज 'सबसाइड' होते. वेनच्या वाट्याला त्यातला फक्त उत्साह येतो. गणपती विसर्जनावर निबंध लिहिताना हे नेमकं उपयोगी पडतं. आमच्याकडची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, कपिलेश्वर तलावाकडे शेवटचे गणपती पोचेपर्यंत बघणारे पांगलेले असतात. एका मुलीने लिहिलं होतं, 'बाय मॉर्निंग द क्राउड हॅड थिन्ड, बट द एन्थुझिअॅझम हॅड नॉट वेन्ड.' मी तिला वहीवर 'छान' लिहून दिलं, जे मी सहसा लिहीत नाही.

वेनला कोणते कर्ते आवडतात ते एकदा पाहून घ्या, कारण खरी अडचण तिथेच असते. इंटरेस्ट, एन्थुझिअॅझम, पॉप्युलॅरिटी, इन्फ्लुअन्स, पॉवर, सपोर्ट, कॉन्फिडन्स, होप, स्ट्रेंथ, लाइट. यातलं लाइट सोडलं तर बहुतेक गोष्टी हाताला लागत नाहीत, तराजूत घालता येत नाहीत. मोजता येतं ते वेनला सहसा मानवत नाही. मे महिन्यात राकसकोप जलाशयाची पातळी खाली जाते ती 'फॉल्स' किंवा 'ड्रॉप्स'. साठा संपत आला तर 'द स्टॉक इज ड्विंडलिंग'. मराठी शाळांचा पट घटतो तेव्हाही 'ड्विंडल': 'द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज ड्विंडल्ड'. आकडा आला की ड्विंडल, हे ढोबळ पण कामाचं. कपड्याचा रंग, आवाज आणि आठवण या 'फेड' होतात. डोळे आणि तब्येत 'फेल' होते. भाव 'फॉल' होतो. भिंत, दोरी, पूल या वस्तू 'वीकन' होतात. 'वीकन' कर्मासह चालतं, कर्माशिवायही चालतं, आणि वेन आठवलं नाही तर परीक्षेत तेच लिहा, मार्क जात नाहीत. पण मग वेन शिकायचं कशाला? 'वीकन' नुसतं कमी झालं एवढंच सांगतं. 'वेन' म्हटलं की आधी ते किती होतं याची आठवण त्यात राहते.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाने लिहिलं, 'द साउंड ऑफ लूम्स इज वेनिंग इन अवर लेन.' चूक म्हणता येणार नाही, पण आवाजाला 'फेडिंग' जास्त शोभतं. उतरता आहे तो धंदा. म्हणून आम्ही दोघांनी मिळून ते असं केलं: 'द साउंड ऑफ लूम्स इज फेडिंग बिकॉज द ट्रेड इज ऑन द वेन.' एका वाक्यात दोन्ही शब्द आपापल्या जागी बसले. निपाणीहून येणाऱ्याने लगेच तंबाखूचं वाक्य केलं, तेही बसलं.

शब्दयोगी अव्ययं पाठच करावी लागतात, त्याला इलाज नाही. 'इंटरेस्ट इन', 'सपोर्ट फॉर', 'एन्थुझिअॅझम फॉर', 'इन्फ्लुअन्स ओव्हर', 'फेथ इन'. हे वेनमुळे ठरत नाही, आधीच्या नामामुळे ठरतं. 'सपोर्ट फॉर द समिती हॅज वेन्ड' की 'हॅज नॉट वेन्ड' (समिती म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती) यावर वर्गात वाद घालायचा नाही असा माझा नियम आहे; 'सपोर्ट'नंतर 'फॉर' आलं की माझं काम झालं, बाकीचं संयुक्त महाराष्ट्र चौकात.

'वेन'नंतर 'डाउन' लावायचं नाही. ही खोड कुठून येते मला माहीत आहे: स्लो डाउन, कम डाउन, गो डाउन. उतरणं म्हटलं की मुलांना 'डाउन' हवंच असतं. पण खाली जाणं वेनच्या पोटातच आहे. तसंच 'ग्रॅज्युअली वेन्ड' लिहिलं तर चूक नाही, पण 'हळूहळू' दोनदा म्हटल्यासारखं होतं. वेग सांगायचाच असेल तर 'स्टेडिली' किंवा उलट बाजूने 'रॅपिडली' लिहा, निदान नवी माहिती मिळते. 'सडनली वेन्ड' मात्र कधीच नाही.

'सडनली'वरून इतिहासाकडे येते, कारण समाजशास्त्राची उत्तरं इंग्रजीतून लिहिणारी मुलं हे क्रियापद तिथे सर्रास चुकीचं वापरतात. माझी कसोटी सोपी आहे: ग्रहण लागलं की उतरती कळा लागली? १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे झालं ते एका दिवसात झालं. 'मराठा पॉवर वेन्ड ॲट पानिपत' हे वाक्य त्या दिवसाला न्याय देत नाही. तिथे 'सफर्ड अ क्रशिंग डिफीट' म्हणा. ते ग्रहण होतं, आणि सुटलंही: थोरल्या माधवरावांच्या काळात घडी पुन्हा बसली, १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली हाताखाली आणली. याउलट औरंगजेब १७०७ मध्ये गेला आणि मोगल सत्ता वर्षानुवर्षं, सुभ्यामागून सुभा सुटत उतरत गेली. तिथे 'मुघल पॉवर वेन्ड आफ्टर १७०७' हे अगदी चपखल. बादशाह नावाला राहिला होता, म्हणजे कोर शिल्लक होती. ती गेली १८५७ नंतर, आणि त्या शेवटच्या टोकाला 'वेन्ड' म्हणायचं नाही, 'एंडेड' म्हणायचं. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांबद्दल लिहिताना 'इन द वेनिंग इयर्स ऑफ द पेशवाज' हा तुकडा कामाला येतो. १८१८ हे साल मात्र एंडचं.

सगळ्यात चांगलं उदाहरण मात्र इतिहासाच्या पुस्तकात नाही, मैदानावर आहे. भारताने ऑलिंपिक हॉकीत १९२८ पासून १९५६ पर्यंत सलग सहा सुवर्णपदकं घेतली. ही पौर्णिमा. १९६० ला रोममध्ये पाकिस्तानकडून अंतिम सामना हरलो, रौप्य. १९६४ ला टोकियोत पुन्हा सोनं, आणि त्या संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटील होते. हे नाव सांगितल्यावर वर्गात कुणालाच माहीत नसतं, आणि मग मी दहा मिनिटं इंग्रजी बाजूला ठेवते. १९६८ आणि १९७२ ला ब्राँझ. १९७६ ला माँट्रियलमध्ये गवताऐवजी कृत्रिम हिरवळ आली आणि आपण पदकाविना परतलो. १९८० ला मॉस्कोत एक सुवर्ण, आणि मग २००८ ला तर बीजिंगसाठी पात्रसुद्धा ठरलो नाही. 'इंडियाज डॉमिनन्स इन हॉकी बिगॅन टू वेन इन द सिक्स्टीज.' या वाक्यातला 'बिगॅन टू' बघा. वेनला हा जोड फार आवडतो, कारण उतरण कुठल्या क्षणी सुरू झाली ते बोट ठेवून सांगता येत नाही, 'सुमारे तेव्हापासून' एवढंच सांगता येतं. मधलं १९६४ आणि १९८० चं सोनं दाखवून मुलं विचारतात, मग टीचर, हे वेन कसं? ते 'वॅक्स अँड वेन'. टोकियोचं लांबलेलं ऑलिंपिक आणि २०२४ चं पॅरिस, दोन्हीकडे ब्राँझ मिळालं. त्यावर तुम्हीच वाक्य करा, मी करून देणार नाही.

काळाबद्दल थोडक्यात. आता उतरण चालू असेल तर 'इज वेनिंग', आजवर उतरून इथवर आलं असेल तर 'हॅज वेन्ड', गोष्ट सांगताना 'वेन्ड' किंवा 'वॉज वेनिंग'. 'वेनिंग' लिहिताना शेवटचा ई गळतो, एवढं स्पेलिंग सांभाळा. हेच 'वेनिंग' विशेषणासारखंही चालतं: 'इन द वेनिंग लाइट' म्हणजे दिवेलागणीच्या आधीचा तो उजेड. करोनाच्या वेळी वर्तमानपत्रांत 'वेनिंग इम्युनिटी' रोज यायचं. लस घेतल्यावर शरीरातली प्रतिपिंडं आधी वाढतात, मग काही महिन्यांनी उतरू लागतात, पण शून्य होत नाहीत. म्हणून १० जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे आधी आरोग्य कर्मचारी आणि ज्येष्ठांना तिसरा डोस सुरू झाला. शास्त्रज्ञांनी 'लॉस्ट' न म्हणता 'वेनिंग' म्हटलं ते उगीच नाही.

उच्चाराला मात्र वेळ द्या, कारण आपण मराठी आणि कन्नड माणसं इथे हमखास अडकतो. आपला 'व' इंग्रजीच्या दोन आवाजांच्या मधोमध बसला आहे. वेन म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागता कामा नयेत. ओठांचा चंबू करा, 'उ' म्हणायला तयार व्हा आणि तिथून 'एइन'कडे सुटा. दात ओठाला लागले की तो दुसराच शब्द होतो: शीर, किंवा पोकळ गर्विष्ठ, किंवा छपरावरचा वारा दाखवणारा कोंबडा. हे तिन्ही इंग्रजीत सारखेच उच्चारतात, स्पेलिंग वेगळं. मराठी लिपीने खरं तर हा फरक बराचसा जपला आहे. आपण व्हॅन, व्होट, व्हिडिओ लिहितो, पण वॉच, वॉर्ड, वॅगन लिहितो. त्या हिशोबाने शीर म्हणजे 'व्हेन' आणि आपलं क्रियापद 'वेन'. लिहिताना पाळतो ते बोलताना पाळा, एवढंच. ('केव्हा' विचारणारा 'व्हेन' आपण तसाच लिहितो, ती लिपीची वेगळी भानगड, तिच्यात आज शिरत नाही.)

उच्चारात आपण ज्यांची गल्लत करतो ते वेन आणि गर्विष्ठ 'व्हेन' मुळात दूरचे भाऊबंद आहेत. भाषेचे अभ्यासक या दोघांना ज्या जुन्या धातूकडे नेतात त्याचा अर्थ उणं पडणं, रिकामं होणं. संस्कृतातला 'ऊन' त्याच घरातला. आणि 'ऊन' म्हणजे आपलं उणे, उणीव. एकोणीस म्हणजे एक ऊन वीस, एक उणे वीस. इंग्रजीतला 'वाँट' हाही त्यांच्यातलाच. त्याचा जुना अर्थ 'हवं असणे' नव्हे, 'नसणे', जो 'फॉर वाँट ऑफ' मध्ये अजून टिकून आहे. परीक्षेत यातलं काही विचारत नाहीत. पण एकोणतीस, एकोणचाळीस म्हणताना दर वेळी तोंडात वेनचा नातलग असतो, हे कळल्यावर निदान दोन-चार मुलांचे डोळे मोठे होतात.

सराव घरी करायचा तो असा. इंग्रजी वर्तमानपत्राचं खेळाचं आणि राजकारणाचं पान घ्या, कारण चढ-उतार तिथेच जास्त. वीकन, डिक्लाइन, फेड, ड्विंडल, वेन, यातलं जे क्रियापद दिसेल त्याखाली रेघ ओढा आणि त्या जागी वेन घालून पाहा. मग विचारा: हे कधी भरात होतं का? आपलं आपण उतरतंय की कुणी पाडलं? काही उरलंय का? तिन्ही उत्तरं जुळली तर वेन चालेल. एकही अडलं तर वर्तमानपत्रवाल्याचा शब्द राहू द्या, त्याला त्याचे पैसे मिळतात. त्यानंतर स्वतःच्या घरातली वाक्यं करा. बाबांचा कबड्डीचा नाद, ताईचं नव्या फोनचं कौतुक, आजोबांचा गल्लीतला दरारा. दरारा हा शब्द मुलं फार आवडीने घेतात. 'माय ग्रँडफादर्स इन्फ्लुअन्स ओव्हर द लेन हॅज वेन्ड, बट नॉट ओव्हर मी.' हे वाक्य ज्याने केलं त्याचे आजोबा मला ओळखतात, म्हणून नाव सांगत नाही.

आणि एक अर्थ, जो कुठल्याच गाईडात दिसणार नाही. लाकडाच्या व्यापारातल्या इंग्रजी कागदांत 'वेन' नाम म्हणून येतं. ओंडका गोल असतो, फळी चौकोनी कापायची असते. कडेला कापताना गोलाई राहून गेली की तिथे लाकूड कमी पडतं, कधी साल चिकटलेली राहते. फळीतली ही उणीव म्हणजे वेन. खानापूर तालुक्यातून येणाऱ्या एका मुलीच्या वडिलांचं सुतारकाम आहे, तिने विचारलं म्हणून हे सांगते. मालाच्या यादीत 'नो वेन' लिहिलेलं दिसलं तर फळीच्या चारही कडा पुऱ्या हव्यात, साल कुठेही चालणार नाही, असं समजायचं.